भाजणी तयार आहे, पण चकल्या पाडवत नाहीत

मिरजेची_मावशी:
मला आठ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. बोटं सुजायच्या दोन-तीन दिवस आधीच माझी उमेद जाते. गेल्या महिन्यात भाजणी भाजली, गिरणीतून दळून आणली आणि डबा ओट्यावर तसाच राहिला. तेव्हा हात दुखतही नव्हते. सोऱ्या काढायचा, पीठ भिजवायचं, एवढंच डोंगराएवढं वाटलं. पण शेजारच्या वहिनींनी चकली हातावर ठेवली तर चवीने खाल्ली! म्हणजे गोडी आहे, उठवत नाही. घरचे म्हणतात, मन रमव. हे मनाचं आहे की सुजेचं?

बिनसाखरेचा_चहा:
मावशी, मला पटतं. हेपटायटिस सीसाठी मला इंटरफेरॉनची (शरीरात दाह वाढवणारं औषध) इंजेक्शनं होती, आठवड्याला एक. दुसऱ्या महिन्यात मॅच लावून भिंतीकडे बघत बसायचो. सगळे आळशी म्हणाले, ते अजून सलतं. नंतर वाचलं, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच रुग्णांचे मेंदूचे स्कॅन २०१२ मध्ये छापले होते. खेळात पैसे जिंकल्यावर मेंदूचा जो भाग उजळतो, तो इंटरफेरॉन घेणाऱ्यांत कमी उजळला.

डॉ_वहीवाली:
मी मानसोपचारात आहे. मावशी, तुमच्या चकलीत सगळं आलं. एखादी गोष्ट आवडणं वेगळं आणि तिच्यासाठी कष्ट घ्यावेसे वाटणं वेगळं. दुसऱ्यात डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा मोठा. दाह, म्हणजे शरीरातली सूज, वाढला की रक्तातले सायटोकाइन (दाहाचे निरोप नेणारे रेणू) डोपामाइन तयार होण्यात अडथळा आणतात, असं दिसतं. तापात पांघरूण ओढून पडावंसं वाटतं ना, त्याच जातीचं हे.

मात्र प्रत्येक नैराश्यामागे सूज नसते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे संधिवातातलंच औषध, तपासलं. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सगळे मिळून फायदा दिसला नाही. ज्यांचा सीआरपी (रक्तातल्या दाहाचं माप) ५ च्या वर होता, त्यांच्यात कल बरा होता. म्हणून स्वतः औषध बदलू नका. उमेद कधी गेली, बोटं कधी सुजली, तारखा लिहा आणि संधिवाताच्या व मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

मिरजेची_मावशी:
तसं नाही हो, जगायचं आहे. मागचा सीआरपी १८ होता, पण उमेदीबद्दल मी डॉक्टरांना कधी बोललेच नाही. सोमवारी जायचंय, कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात. भाजणीचा वास घेऊन बघितला, अजून चांगली आहे. सून म्हणाली, पीठ मी भिजवते, तुम्ही फक्त बसा.