करवंटीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर लेझरने नाव मधोमध कसं आणायचं?

करवंटीवाली, कुडाळ
नमस्कार मंडळी. मी नारळाच्या करवंटीच्या कीचेनवर नावं कोरून देते. मशीन ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर, ते चालवायचं सॉफ्टवेअर लाइटबर्न. तुकडे इथले कारागीर हाताने कापून, घासून, वर २ मिमीचं भोक पाडून देतात. लांबी साधारण ४ सेंमी, पण एकाचा आकार दुसऱ्याला नाही. मशीनच्या कॅमेऱ्यात बघून मधोमध बसवलेलं नाव प्रत्यक्षात दीड-दोन मिमी सरकतं, नि एवढ्याशा तुकड्यावर ते लगेच डोळ्यांत खुपतं. प्रत्येकाचा वेगळा साचा करत बसले तर दिवाळीच्या ऑर्डरी तुळशीच्या लग्नाला पोचतील!

हिशोबी
आधी अख्ख्या करवंटीवर नावं कोरा, मग कापून घ्या.

करवंटीवाली, कुडाळ
तुकडे पावसाळ्यातच तयार होऊन येतात हो. नावं येतात नंतर.

भोसरीचा फिटर
ताई, कॅमेरा बेडच्या, म्हणजे तुकडे ठेवायच्या पाट्याच्या, पातळीला जुळवलेला (कॅलिब्रेट केलेला) असतो. तुकडा त्याहून उंच, त्यात कॅमेरा तिरका बघणार. सरकणारच. सॉफ्टवेअरमध्ये मटेरियलची उंची बदलून थोडं सुधारेल, पण करवंटीला धड एक उंचीच नाही.

माझं म्हणणं, कडेच्या नादी लागूच नका. सगळ्या तुकड्यांत सारखं काय आहे? भोक. तेच धरा.

३ मिमी एमडीएफ बेडवर पक्कं चिकटवा, काम संपेपर्यंत हलवायचं नाही. तुकडा भोकातून अडकवायला त्यावर एक पिन उभी करायची, तिचं भोक लेझरनेच कापा. बीम स्वतःची जाडी खातो, म्हणून २ मिमीच्या पिनेला १.८ काढून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. पिन म्हणून सायकलचा स्पोक चालतो. कॅलिपर लावून घ्या, करवंटीत घट्ट जात असेल तर पॉलिश पेपरने किंचित उतरवा. पिनेचं टोक तुकड्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या खालीच राहिलं पाहिजे, नाहीतर नोझल (लेझरचं तोंड) येऊन आदळेल.

आता त्याच फाइलमधून पिनेपासून सरळ खाली एक रेघ एमडीएफवर हलकी कोरा. तुकडा पिनेत अडकवायचा आणि रेघ त्याच्या टोकाखालून मधोमध निघेपर्यंत फिरवायचा. जागा पिनेने बांधली, उरला फक्त कोन, तो डोळ्याला कळतो. नाव कायम त्या रेघेवर, पिनेपासून ठरावीक अंतरावर. लाइटबर्नमध्ये स्टार्ट फ्रॉम ‘अ‍ॅब्सोल्यूट कोऑर्ड्स’ ठेवा, म्हणजे मशीन होम झाल्यावरही (स्वतःच्या मूळ जागी जाऊन आल्यावरही) नाव तिथेच पडेल.

तुकडा डुगडुगला तर खाली पोरांच्या खेळातली क्ले लावा. फोकस नावाच्या भागातला सर्वांत उंच आणि सर्वांत खोल बिंदू, यांच्या मध्यावर.

करवंटीवाली, कुडाळ
भोकाचा विचारच केला नव्हता, दादा. एमडीएफऐवजी घरात सनबोर्ड पडलाय, तो चालेल?

भोसरीचा फिटर
अजिबात नको! सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. मशीनच्या रेल गंजतात आणि तुमच्या छातीलाही वाईट. एमडीएफ नसेल तर ॲक्रिलिक घ्या.