मल्टिकास्ट : न मागितलेला ग्रुप येतोय, मागितलेला चार मिनिटांनी थांबतोय

नमस्कार. तीन दिवस अडकलोय, जाणकारांनी कृपया मदत करावी.

एका मशीनवरून दोन व्हिडिओ यूडीपीने मल्टिकास्ट करतोय, म्हणजे एकदाच पाठवून ग्रुपमधल्या सगळ्यांपर्यंत पोचवतोय. पहिला २३९.१.१.५ वर, दुसरा २३९.१२९.१.५ वर. 'अ' मशीन पहिल्या ग्रुपमध्ये आहे, 'ब' दुसऱ्या. मध्ये एक मॅनेज्ड स्विच, त्यावर आयजीएमपी स्नूपिंग चालू. राउटर नाही, सगळं एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क).

माझी समजूत अशी: २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ ही पट्टी ग्रुपसाठी राखीव. पहिले चार बिट १११०, उरलेले २८ बिट ही ग्रुपची ओळख. हा पत्ता कुठल्याच मशीनचा नसतो. ज्याला ऐकायचंय तो आयजीएमपीने तसं कळवतो आणि स्नूपिंग करणारा स्विच ते बघून फक्त त्याच पोर्टवर पॅकेट सोडतो.

मग 'ब'वर वायरशार्क (येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावलं की दोन्ही व्हिडिओंची पॅकेटं का दिसतात? 'ब'ने पहिला ग्रुप कधीच मागितलेला नाही.

दुसरा त्रास जास्त छळतोय. सुरू केल्यापासून साधारण सव्वाचार मिनिटांनी दोन्हीकडचं चित्र गोठतं. पाठवणारा प्रोग्राम चालूच असतो. ऐकणारा बंद करून पुन्हा सुरू केला की चित्र येतं, आणि तेवढ्याच वेळाने परत जातं. केबल, पोर्ट, मशीन, सगळं बदलून पाहिलं.

प्रतिसाद १

पहिल्याचं उत्तर तुम्ही निवडलेल्या पत्त्यांतच आहे. इथरनेटवर ग्रुपचा आयपी पत्ता मॅक पत्त्यात (इथरनेटचा स्वतःचा ४८ बिटांचा पत्ता) बदलावा लागतो. सुरुवात ठरलेली, ०१:००:५ई. त्यापुढचा एक बिट शून्य, आणि ग्रुपच्या २८ बिटांपैकी फक्त शेवटचे २३ त्यात मावतात. पाच बिट गळतात, म्हणजे ३२ वेगवेगळ्या ग्रुपना एकच मॅक पत्ता मिळतो.

तुमचा १२९ बायनरीत लिहा: १००००००१. डावीकडचा १ गळाला की उरतो १. त्यामुळे तुमच्या दोन्ही ग्रुपचा मॅक पत्ता ०१:००:५ई:०१:०१:०५. बरेच स्विच स्नूपिंगची नोंद मॅक पत्त्यावरच ठेवतात, त्यांना हे दोन ग्रुप वेगळे दिसतच नाहीत. 'ब'च्या प्रोग्रामला त्याचा त्रास होणार नाही, कारण न मागितलेला ग्रुप कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आयपीच्या पातळीवर टाकून देतो. पण केबलवरची जागा फुकट जाते. दुसरा ग्रुप २३९.१.१.६ करा.

आणि २३९.०.०.५ सारखा पत्ता सुटसुटीत दिसला तरी घेऊ नका. त्याचे शेवटचे २३ बिट २२४.०.०.५ सारखेच आहेत. तो ओएसपीएफचा (राउटर आपसात मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) पत्ता, आणि २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा स्विच सहसा सगळ्या पोर्टवर सोडतातच.

प्रतिसाद २

गोठण्याचं कारण: तुमच्याकडे क्वेरियर नाही. 'कोण कोण ऐकतंय?' ही विचारणा एरवी राउटर करतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १२५ सेकंदांनी. मशीनं उत्तर देतात, स्विच ते ऐकून नोंद ताजी करतो. तुमच्याकडे विचारणाराच नाही, म्हणून मशीन सुरुवातीला जे कळवतं तेवढंच. पुढे नोंद शिळी होते. दोन विचारण्यांचे २५० सेकंद अधिक उत्तराची मुदत १०, एकूण २६०. तुमची सव्वाचार मिनिटं इथून आली. प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर चित्र येतं, कारण मशीन नव्याने कळवतं.

स्विचच्या सेटिंगमध्ये आयजीएमपी क्वेरियर शोधा, त्या व्हीलॅनसाठी चालू करा आणि त्याला एक आयपी पत्ता द्या. स्नूपिंग बंद करूनही चित्र टिकेल, पण मग प्रत्येक पोर्टवर सगळंच धावेल. तो मार्ग मी घेणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्वेरियर चालू केला, ग्रुप २३९.१.१.६ केला. दीड तास झाला, चित्र अखंड आहे आणि 'ब'वर पहिल्या ग्रुपचं एकही पॅकेट नाही. मी केबली बदलत बसलो होतो आणि ते पाच बिट मोजलेच नव्हते.

पुढे हे दुसऱ्या व्हीलॅनमध्ये न्यायचंय. राउटर जोडला की पुरेल?

प्रतिसाद २

नाही. राउटरवर मल्टिकास्ट राउटिंग, म्हणजे बहुधा पिम, चालू करावं लागेल. त्याआधी पाठवणाऱ्या प्रोग्राममधला टीटीएल (पॅकेट किती टप्पे टिकेल तो आकडा) बघा. मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो, म्हणजे पॅकेट पहिल्याच राउटरपाशी संपतं.