'अनबॉर्न'ला मराठीत काय म्हणाल?

मुग्धा: आयर्लंडच्या गर्भपात-वादावरचा लेख मराठीत आणते आहे. सविता हलप्पनवार २०१२ मध्ये तिथल्या गॉलवेत गर्भपात नाकारला गेल्यावर वारल्या, माहेर बेळगावचं, म्हणून इकडेही आठवण असेल. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ साली 'अनबॉर्न'चा जगण्याचा हक्क घातला, २०१८ च्या सार्वमताने तो काढला. या शब्दाला काय लिहू?

जुनापाना: इंग्रजीत पुढे नाम नाही, मराठीत लिंग टाळता येत नाही. 'न जन्मलेलं' म्हटलंत की 'बाळ' आपोआप ऐकू येतं, म्हणजे तुम्ही गर्भपातविरोधी चर्चच्या बाजूला. 'गर्भ' म्हणजे डॉक्टरांच्या. 'जीव' जवळचा वाटतो, पण त्यात आत्मा शिरतोच.

मुग्धा: आणि चर्चवाल्यांच्या तोंडी 'भ्रूणहत्या' चालेल?

ओपीडीतली: जपून. आपल्याकडे हा शब्द घराघरांत गेला तो 'स्त्रीभ्रूणहत्या' होऊन. चीड होती लिंग बघून पाडण्याची, पण शब्दाने खुनाचा ठपका सगळ्याच गर्भपातांवर ठेवला. त्यामुळे स्त्री-संघटनांतल्या कित्येकजणी तो टाळतात, 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. कायदेशीर गर्भपात करायला आलेली बाई दबक्या आवाजात विचारते, 'हे चालतं ना?' १९७१ पासून कायदा आहे, तरी.

जुनापाना: शिवाय धर्मसूत्रांत 'भ्रूण' म्हणजे विद्वान ब्राह्मणही. जुन्या वचनातला प्रत्येक 'भ्रूणहा' गर्भ मारणाराच असं धरू नका. खरी गंमत 'पाता'त आहे. सुश्रुत चौथ्या महिन्यापर्यंत स्राव म्हणतो, पाचव्या-सहाव्यात पात. दोन्ही आपसूक. पराशरस्मृती पाप सांगते ते 'गर्भपातना'चं, ब्रह्महत्येच्या दुप्पट. मराठीने तो 'न' गाळला आणि पडणं-पाडणं एकाच शब्दात आलं.

ओपीडीतली: कागदावर आलं, बोलण्यात नाही. बायका 'पोट पडलं' आणि 'पोट पाडलं' यांत कधी गल्लत करत नाहीत. जिला काहीच सांगायचं नसतं ती 'पिशवी साफ केली' म्हणून मोकळी होते. माझ्या मावसबहिणीचं तिसऱ्या महिन्यात आपोआप गेलं. दवाखान्याच्या कार्डावर नुसतं 'ॲबॉर्शन'. सासूबाईंनी वाचलं, आठवडाभर अबोला.

मुग्धा: 'गर्भसमापन' कसा वाटतो? सरकारी आहे, पण निर्दोष.

जुनापाना: समापन संमेलनाचं होतं हो.

मुग्धा: बरं. निवेदनात 'गर्भ' आणि 'गर्भपात करणे'. 'न जन्मलेलं बाळ' फक्त चर्चच्या माणसाच्या अवतरणात, कारण तो तसंच म्हणेल.

ओपीडीतली: हे ठीक. कार्डावर आधी 'आपोआप' लिहायला मात्र सांगा कुणीतरी.