डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या घरच्यांना नेमकी काय मदत करावी? (नाशिक)

वर्गशिक्षिका, सिडको
सहावीतला मुलगा दुचाकीच्या अपघातानंतर ऑपरेशन होऊन घरी आलाय. चालतो, बोलतो, पण लगेच दमतो, चिडतो, सकाळचं दुपारी आठवत नाही. वडील सातपूरला शिफ्टमध्ये, आई दिवसभर एकटी, धाकटी बहीण दुसरीत. नातेवाईक म्हणतात, "बरा तर दिसतोय!" शाळेने आणि शेजाऱ्यांनी काय करावं?

थेरपिस्ट, गंगापूर रोड
हे "बरा दिसतोय"च घरच्यांना जड जातं. जखम भरली की लोक मदत आवरती घेतात आणि खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते.

आईला "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, ती सांगणार नाही. वार आणि वेळ ठरवा: मंगळवार-शुक्रवार ४ ते ६ एकाच शेजारणीने मुलाजवळ बसायचं, आईने झोपायचं किंवा बाहेर पडायचं. दर वेळी नवा माणूस नको, मूल गोंधळतं.

बसणाऱ्याला फिट आल्यावर काय करायचं ते आधी शिकवा. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, हातपाय दाबून धरणं नको, कांदा-चप्पल तर नकोच. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८. उलट्या वाढल्या, डोकेदुखी वाढत चालली, गुंगी आली, नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

भेटायला एका वेळी दोघंच, १५-२० मिनिटं, टीव्ही बंद. बहिणीला स्पष्ट सांगा: दादा मुद्दाम ओरडत नाही, यात तुझी चूक नाही.

विशेष शिक्षक, दिंडोरी
पूर्ण दिवस शाळा लगेच नको. डॉक्टरांनी होकार दिला की सकाळचे दोन तास, तेही मधल्या सुट्टीच्या गोंगाटाआधी संपणारे. त्या दिवशी घरी येऊन कोसळला तर वेळ वाढवू नका. २० मिनिटं काम, १० मिनिटं विसावा, आणि विसावा दमायच्या *आधी*. दमल्यावर दिला तर सावरायला दुपार जाते.

सूचना एका वेळी एकच, मग मनात दहा मोजून थांबा. मेंदू सावकाश चालतो तेव्हा तीच सूचना पुन्हा दिली की गाडी परत पहिल्यापासून. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्या, गृहपाठ निम्मा. पळापळ, चढणं, चेंडूचे खेळ डॉक्टर सांगेपर्यंत बंद. सायकल आणि दुचाकीवर हेल्मेट.

एक गोष्ट शाळा विसरतात. नियोजन, स्वतःला आवरणं यातल्या अडचणी कधी कधी आठवी-नववीत उघड होतात, कारण तेव्हा त्यांची गरज वाढते. तोवर अपघात कुणाच्या लक्षात नसतो आणि पोर "आळशी" ठरतं. दर वर्षी पुढच्या वर्गशिक्षकांना एक पान लिहून द्या.

वर्गशिक्षिका, सिडको
धन्यवाद. आईला वाटतं चिडचिड फिटच्या गोळीमुळे आहे, गोळी बंद करायचं म्हणतेय.

थेरपिस्ट, गंगापूर रोड
अजिबात नको! अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. लेव्हेटिरासेटॅमसारख्या औषधाने चिडचिड वाढू शकते हे मात्र खरं, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, ते डोस किंवा औषध बदलतील. जाताना आठवड्याची नोंद न्या: गोळीची वेळ, झोप, चिडण्याआधी काय चाललं होतं. बऱ्याचदा गोळीपेक्षा अपुरी झोप आणि गोंगाट सापडतो.

कागदपत्रं बघणारा, पंचवटी
दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) भरा, तपासणी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची दुखापत या नावाने वेगळा प्रकार नाही. दुखापतीनंतर जी अडचण उरलीय त्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. मूल चालत आत गेलं आणि फक्त हातपाय बघितले, की टक्के कमी. बुद्धी, वाचा, दृष्टी, जे बाधित असेल ते सगळं तपासायला आधीच सांगा. डिस्चार्ज समरी, सीटी-एमआरआय आणि *अपघाताआधीचं प्रगतिपुस्तक* न्या. फरक त्यातूनच दिसतो. सुधारणा शक्य असेल तर मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, घाबरू नका.

४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढे दहावीला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो.

अपघात दुचाकीचा आहे ना? मग मोटार अपघात न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा आधी बघा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे आणि घरचे दवाखान्यात असताना ती निघून जाते. एफआयआरची प्रत, बिलं, थेरपीच्या पावत्या, रिक्षाचं भाडंसुद्धा एका फाइलमध्ये ठेवा. फाइल आईवर टाकू नका, शाळेतल्या कुणीतरी सांभाळा.