वंटमुरी घाट जवळ आला की स्टिअरिंग नाचायला लागतं

मंडळी, नमस्कार.

विषय आपल्या बेळगावकडच्या मंडळाचा नाही, पण गाडीतलं कळणारी माणसं या मेलिंग लिस्टवरच भेटतात म्हणून लिहितोय. महिनाभर बेळगावात, टिळकवाडीत आहे. आई-बाबा चार महिने आमच्याकडे होते, तोवर बाबांची हॅचबॅक पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी. परवा मावशीकडे कोल्हापूरला निघालो. गावात काही त्रास नाही. काकती मागे पडली, काटा 80 च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. 90 ला तर खाचेत ठेवलेली टोलची चिल्लर वाजायला लागली. गंमत म्हणजे 100 ला गेलं की जरा शांत होतं. त्यामुळे मी वेग वाढवून सुटका करून घेत होतो आणि शेजारी बाबा "हळू रे, हळू" करत होते.

आल्यावर एका ठिकाणी दाखवली. "अलाइनमेंट औट आगेत्री" (बिघडलीय) असं कानडीत म्हणाला, करून दिली, सगळे आकडे हिरवे असलेला कागद हातात दिला. हत्तरगी टोलनाक्यापर्यंत जाऊन बघितलं, थरथर तशीच. दुसऱ्या ठिकाणी गेलो, त्यानंही अलाइनमेंटच केली. आता दोन हिरवे कागद आहेत. पुढं काय करू?

मूळ टिळकवाडी, सध्या टोरोंटो (आत्ता टिळकवाडीच)

*

चारही टायर बदलून टाक. विषय संपला.

मूळ खानापूर, सध्या एडिसन

*

खानापूरच्या पाहुण्यांकडे पैसा जास्त झालाय. टायर बदलायला कुणाची ना नाही, पण दुखणं कळायच्या आधी औषध कशाला?

बाळा, ते दोन कागद देवघरात ठेव. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहेत ते. ती चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेला झिजतो. ठरलेल्या वेगालाच हात थरथरणं हे तिचं लक्षण नव्हे. थरथर आली म्हणजे फिरणारी एखादी वस्तू नीट गोल नाही, नाहीतर तिचं वजन सगळीकडे सारखं नाही. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवर जन्म काढला. ग्राइंडिंगचा दगड बदलला की पहिलं त्याचं बॅलन्सिंग, मग जॉबला, म्हणजे घासायच्या भागाला, हात. आळस केला तर जॉबवर बारीक लाटा उठतात. त्या आधी नखाला लागतात, डोळ्याला मागाहून दिसतात.

तुझं चाक 14 इंची असणार. टायर धरून त्याचा घेर साधारण 1.83 मीटर. 90 च्या वेगाला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा फेरे घेतं. वजन सारखं करायला रिमच्या कडेला ठोकलेलं 20 ग्रॅमचं शिसं पडलं असेल, तर त्या वेगाला चाक अडीच-पावणेतीन किलोच्या जोरानं खेचलं जातं, आणि ते सेकंदाला साडेतेरा वेळा. जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, 45 ला तो पाव राहतो. म्हणून गावात काही कळत नाही. मग 100 ला कमी का होतं? सस्पेन्शनची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगांची, स्वतःची एक लय असते, झोपाळ्यासारखी. 90 च्या आसपास चाकाचे झटके त्या लयीशी जुळतात. पुढं गेलं की ताल सुटतो. दुखणं गेलेलं नसतं, नुसतं ऐकू यायचं थांबलेलं असतं.

आता चार गोष्टींची उत्तरं दे. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढते का? सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती पळू दिलीस तर थांबते का? हातात येते की सीटखाली? आणि खरं सांग, एवढ्यात कुठं खड्ड्यात आपटलीस का?

मूळ अनगोळ, सध्या लेकीकडे मिशिगनमध्ये

*

काकांच्या ब्रेकच्या प्रश्नात माझी भर. माझ्या नणंदेची गाडी तवंदी घाट उतरताना अशीच थरथरायची, पण फक्त ब्रेकवर पाय असताना. तिनं आधी दोनदा बॅलन्सिंगला पैसे घातले. निघाली ब्रेकची डिस्क. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नव्हती, त्यामुळे पॅड दर फेऱ्याला धरायचं-सोडायचं आणि पेडलही पायाखाली धडधडायचं. डिस्क आणि पॅड बदलल्यावर गेलं. आणि थरथर फक्त अॅक्सिलरेटर दाबताना येत असेल तर चाकांपेक्षा इंजिनाचा जोर चाकाला पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटकडे बघायचं.

चार महिने उभी होती म्हणालात. एका जागी उभ्या टायरला खाली चपटा भाग येतो. वीस-तीस किलोमीटर पळून टायर तापला की तो बहुतेक वेळा भरून निघतो. तुम्ही कोल्हापूरला जाऊन आलात, म्हणजे तेवढंच असतं तर एव्हाना गेलं असतं. पण टायर किती जुने आहेत? बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2718 असेल तर 2018 सालचा सत्ताविसावा आठवडा. आणि टायरच्या बगलेला कुठं फुगा आलेला दिसला तर हा सगळा पत्रव्यवहार थांबवा, स्टेपनी लावा, आणि त्या टायरवर हायवेला जाऊ नका.

मूळ निपाणी, सध्या श्टुटगार्ट

*

गणपतीची वर्गणी अजून एकवीस घरांची यायची आहे. गाडीच्या धाग्यात का होईना, वाचाल म्हणून इथं लिहिलं.

खजिनदार

*

काका, ताई, उत्तरं देतो.

ब्रेकनं फरक नाही. क्लच दाबला तरी थरथर तशीच. हातात येते, सीटखाली नाही. टायर 2022 चे, फुगा नाही, हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी.

खड्ड्याचं... हो. आल्या आल्या चोर्ला घाटातून गोव्याला गेलो होतो. जांबोटी सोडल्यावर कणकुंबीच्या अलीकडे पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही, डावं पुढचं चाक धाडकन आत. बाहेरून काही दिसलं नाही म्हणून मी घरी बोललो नाही. कृपया इथंच राहू दे.

मूळ टिळकवाडी

*

हे पहिल्या पत्रात लिहायचं होतंस की!

आता ऐक. चाक काढ आणि आतल्या बाजूला बघ. त्या रस्त्याची तांबडी माती ओली असताना रिमच्या आत थापली जाते आणि वाळली की विटेसारखी बसते. एका बाजूलाच बसली की शंभर ग्रॅम कुठं गेलेत? ती खरवड, धू. मग डावं पुढचं चाक मागं लाव, मागचं पुढं. थरथर हातातून सीटखाली गेली तर चोर ते चाकच. हातातच राहिली तर उजवं पुढचं चाक, स्टिअरिंग चाकाला जोडणारे टाय रॉड एंड, सस्पेन्शनचे बॉल जॉइंट बघायचे. जॅकवर चाक उचल, घड्याळातल्या तीन आणि नऊवर धरून हलव. खडखडलं तर बहुधा टाय रॉड. बारा आणि सहावर खडखडलं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. तिथं ढिलेपणा निघाला तर गाडी पुढं नेऊ नको.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नको. नट समोरासमोरचे घेत आवळ, शेवटचा पाना गाडी जमिनीवर टेकल्यावर, आणि पन्नासएक किलोमीटरनंतर परत एकदा.

मूळ अनगोळ

*

काका, माती निघाली! ओंजळभर. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडताना ढेपाच्या ढेपा पडत होत्या, आई म्हणाली कुंडीला घाल. टाय रॉड वगैरे घट्ट. चाकं मागं-पुढं केली आणि संध्याकाळी हिरेबागेवाडीपर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंग शांत. पण 90 ला आता मागची सीट थरथरते. मागं बसलेल्या बाबांनीच सांगितलं.

मग ते चाक बॅलन्सिंगला नेलं. मशीननं 45 ग्रॅम मागितले, त्यानं ठोकले, शून्य आलं. परत हायवेला गेलो. थरथर कमी झालीय, गेलेली नाही. मशीन शून्य म्हणतंय तर आता राहिलं काय?

मूळ टिळकवाडी

*

रिम वाकलंय. मशीन वजन बघतं. वाकड्या रिमला शिसं ठोकून वजन सारखं करता येतं, त्याचा आकार गोल करता येत नाही. गाडीखाली आलं की चाकाची उंच बाजू दर फेऱ्याला रस्त्यावर टेकते आणि सस्पेन्शनला ढुशी देते. त्याला शून्य म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

बाहेरून दिसलं नाही कारण अशा धक्क्याला पुष्कळदा आतली कड वाकते. परत मशीनवर चढवायला लाव, पण आता स्क्रीनकडे बघू नको. रिमच्या आतल्या कडेजवळ पेन स्थिर धर आणि चाक हातानं सावकाश फिरव. पेन आणि कड यांतली फट कमी-जास्त होताना दिसेल. उद्यमबागेत कुणी ओळखीचं असेल तर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) लावून दे म्हण, पाच मिनिटांचं काम आहे. दीड मिलिमीटरच्या वर काटा हलला तर मी ते रिम ठेवत नाही. लोखंडी रिम ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण ते स्टेपनीला ठेव. नवं लोखंडी रिम घे. टायर तोच चालेल, फक्त काढलास की आतून हात फिरवून बघ, धाग्याला मार बसलाय का.

आणि खानापूरचे पाहुणे, याच्या चारही टायरचे पैसे वाचलेत. त्यातली वर्गणी भरा.

मूळ अनगोळ

*

फट पेन न धरताच दिसली, काका. आतली कड एका जागी बोटभर लांबीत आत दबलेली. डायल गेजचा काटा जवळजवळ तीन मिलिमीटर हलला. टायर आतून ठीक होता. नवं रिम, बॅलन्सिंग, आणि चाक परत पुढं डावीकडे. आज सकाळी धारवाडला जाऊन आलो. 80, 90, 100, खाचेतली चिल्लर गप्प. तिथून कुंदा घ्यायला परत बेळगावातच यावं लागलं, तो भाग वेगळा.

मूळ टिळकवाडी

*

मी पण या लिस्टवर आहे. कणकुंबीचा खड्डा आज वाचला. चिरंजीव, गाडी धुऊन झाली की वर ये.

बाबा

*

बाबा, वर्गणी?

खजिनदार