कॅल्शियमपेक्षा बी-१२ कडे बघा
दूध-दुभतं पूर्ण सोडायचं म्हटलं की हाडं ठिसूळ होतील असं लोक सांगतात; हा मुद्दा अर्धाच पटतो. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात साधारण १२०. (अर्थात दूध पेलाभर पोटात जातं, नाचणी भाकरीपुरती.) आणि जावळी-महाबळेश्वरकडची नाचणी आमच्या साताऱ्यात सहज मिळते. खरी अडचण बी-१२ या जीवनसत्त्वाची. आपल्या शाकाहारी जेवणात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच येतं, डाळी-भाज्यांत नसतं. त्यामुळे आधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, ते कमी पडून हातापायाला मुंग्या यायची वाट बघू नका.

बाकी झुणका, आमटी, ठेचा, शेंगदाण्याचं कूट तसंच राहतं. चहाचं मात्र अवघड. शेंगदाण्याचं दूध घालून पाहिलं, वास आवडला नाही; आता आमच्याकडे गवती चहा-आलं घालून कोराच. कंदी पेढ्याला पर्याय अजून सापडलेला नाही.