जुना सूट उसवण्याआधी

वडिलांचा १९८०च्या दशकात शिवलेला सूट ऑल्टर करावा की रिसेप्शनसाठी नवा रेडिमेड घ्यावा, असा प्रश्न पडला असेल तर आधी खांदे बघा. बाहीची शिवण खांद्याच्या हाडापलीकडे उतरत असेल तर नाद सोडा. बाह्या, कॉलर, पॅड सगळंच उसवावं लागतं आणि तरी बाहीला चुण्या राहतातच. कंबर मात्र जमते. पाठीच्या मधल्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेला असला तर इंचभर सैल होतं. बाहीच्या टोकाची काजं खरी, कापलेली असतील तर तिथून उंची कमी करता येत नाही.

मग कोटाच्या पुढच्या बाजूला, शेवटच्या काजाखाली कापड चिमटीत धरून आतलं-बाहेरचं अलग करून बघा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं शिवलेलं अस्तर, आहे आणि असा कोट टाकून देणं खरंच पाप. आजचे बहुतेक स्वस्त रेडिमेड फ्यूज केलेले, म्हणजे आतला थर गोंदाने चिकटवलेले, असतात. उष्णतेने आतला गोंद सुटला की छातीवर फुगे येतात, ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. ऑफिसातून सूट जवळजवळ गेलाच, त्यामुळे वारंवार ड्रायक्लीनचीही गरज नाही. घातल्यावर ब्रश मारा, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा.